5 नंबरचा लोखंडी रंधा: फणसाच्या फळ्यांवर एक पावसाळा

शिगम्यानंतर घेतला, चवथीचा चौरंग त्यावरच झाला. 14 इंच लांब, पातं 2 इंच, वजन दोन किलोच्या वर. मशीन न घेता सॉ मिलच्या खडबडीत फळ्या हाताने काटकोनात आणायच्या असतील, तर हा एकच रंधा पुरतो का? पुरतो, पण पाती दोन हवीत.

खोक्यातून काढला तेव्हा तळ मधोमध खोलगट होता. जाड काचेवर एमरी पेपर चिकटवून एक अख्खी संध्याकाळ घासला. या किमतीत हे धरूनच चालायचं.

पहिल्या पात्याची धार गोलसर, साधारण 8 इंच त्रिज्येची. फळीच्या दोन टोकांना दोन सरळ पट्ट्या आडव्या ठेवून एका डोळ्याने बघायचं. पट्ट्या समांतर दिसल्या नाहीत तर फळीला पीळ आहे. उंच कोपऱ्यांवर पेन्सिल मारून हे पातं लाकडाच्या रेषांना आडवं चालवायचं. जाड ढलप्या भराभर निघतात आणि फणस आडवा फारसा फाटत नाही. मग सरळ धारेचं पातं लावून लांबीत. एक बाजू सपाट झाली की गुण्या (काटकोन तपासायचं हत्यार) लावून एक कड, त्या सपाट बाजूवरून मार्किंग गेजने (कडेपासून ठरावीक अंतरावर रेघ मारायचं हत्यार) चारही कडांना जाडीची रेघ आणि दुसरी बाजू त्या रेघेपर्यंत. दुसरी कड शेवटी. अडीच फुटांपर्यंत काम सरळ येतं. पुढे लांब रंधा लागतो.

फणसाचे रेषे उलटसुलट असतात. कॅप आयर्न (पात्यावर बसणारी लोखंडी पट्टी) धारेपासून अर्ध्या मिलिमीटरहून जवळ आणलं तेव्हा कुठे फाटणं थांबलं.

पावसाळ्याचं सांगतो. आषाढात तेलाचा हात राहिला की एका रात्रीत तांबूस गंज. मी खोबरेल लावतो, कामाआधी पुसतो. आमच्या मेस्ताचा (सुताराचा) लाकडी रंधा या बाबतीत निर्धास्त. (तो माझ्या रंध्याला 'किलोवर घेतलास काय?' म्हणतो.) फळीही या दिवसांत एका दमात अंतिम जाडीला आणू नका. थोडी जाड ठेवून भिंतीला कडेवर उभी करा, दोन्ही अंगांना वारा लागू द्या. जमिनीवर आडवी टाकली की वाटीसारखी होते.

तळाला मेणबत्ती घासली की ढकलणं निम्म्यावर येतं. साग रंधताना मात्र धारेचा दगड हाताशी ठेवा, त्यातली सिलिका पातं लवकर बोथट करते.