रेड वाईन गार करायची: फ्रिज की बर्फाची बादली?

इंदुरात मे महिन्यात पारा 40 च्या वर, आणि वहिनी विचारतायत, पाहुण्यांसाठी रेड वाईन फ्रिजमध्ये ठेवू की बर्फात? ‘रूम टेंपरेचर’चा सल्ला थंड देशातल्या खोल्यांचा, आपल्याकडे त्यात नुसता अल्कोहोल नाकात जातो.

फ्रिजला वेगळा खर्च नाही, पण तासभर तरी लागतो. विसरलात तर वाईन 4-5 अंशांवर जाऊन तुरट लागते. बादलीत नुसता बर्फ नको, निम्मं पाणी घाला. पाणी बाटलीला सगळीकडून भिडतं, वीसेक मिनिटांत काम होतं. मूठभर मीठ टाकलं तर आणखी लवकर. लेबल मात्र भिजून सुटतं, फडकं हाताशी हवंच.

बेत आधीच ठरलेला असेल तर फ्रिज. पाहुणे अचानक टपकले, गच्चीवर बसायचंय, तर बादली. शिराझसारखी जड वाईन दोन्हीकडून जरा लवकरच काढा, 16 अंशांच्या आसपास.