धोप, पट्टा आणि चिलखत : नाशिकचा एक पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

प्रतिकृती शस्त्र चांगलं की सुमार, हे पार्सल उघडल्या दिवशी कळत नाही. त्या दिवशी सगळंच चकाकतं. गुढीपाडव्याच्या सुमारास मी तीन वस्तू घेतल्या: एक धोप (सरळ पात्याची लांब मराठा तलवार), एक पट्टा (हस्तत्राणालाच पाते जोडलेली, हातात घालायची तलवार) आणि कड्यांचं चिलखत. तिन्ही हातानं घडवलेल्या, तिन्ही वेगवेगळ्या कारागिरांच्या. त्यानंतर उन्हाळा झाला, अख्खा पावसाळा झाला, खंडेनवमीची पूजा झाली आणि आता थंडी पडली आहे. एवढ्यानंतर माझं मत पक्कं झालंय. पाते नंतर बघा, आधी ते मुठीत कसं बसवलंय ते बघा.

धोपेपासून सुरुवात करतो, कारण तिघांत तीच सगळ्यात उत्तम निघाली. सरळ पाते, लांबी ३६ इंच, पोलाद ईएन ४५. हे स्प्रिंगचं पोलाद, ट्रकच्या पाट्यांना वापरतात त्या जातीचं. धार बोथट मागवली होती, तशीच आली. मूठ अस्सल मराठा घाटाची: रुंद परज (पाते आणि मूठ यांच्यामधली, हात वाचवणारी आडवी पट्टी), बोटांवरून वळलेली पट्टी, मुठीच्या मागे वाटी आणि त्या वाटीतून निघालेला लांब दांडा. हा दांडा शोभेचा नाही. दोन्ही हातांनी वार करायचा तर डावा हात तिथे येतो. स्वस्त प्रतिकृतींत तो बोटभर लांबीचा आणि नुसता डकवलेला असतो. माझ्या धोपेचा दांडा पूर्ण पकडीत येतो आणि जोर लावला तरी हलत नाही.

वजन १ किलो १८० ग्रॅम. बाजारातल्या शोभेच्या तलवारी दीड-दोन किलोच्या असतात आणि लोकांना तेच भारदस्त वाटतं. खऱ्या जुन्या तलवारी बहुतेक किलोच्या आसपासच्या असत. घोड्यावर बसून दिवसभर वागवायचं हत्यार विनाकारण जड कोण करेल? तोलही बघा. माझी धोप परजेच्या पुढे पाच बोटांवर बोट धरून तोलली की आडवी राहते, त्यामुळे हातात ती वजनापेक्षा हलकी भासते.

२०२५ साली राज्य सरकारनं लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार मिळवली, ती याच परंपरेतली. पाते युरोपातलं, मूठ मराठा, आणि पात्याच्या पाठीवर सोन्यात देवनागरी अक्षरं. बाहेरून आलेलं उत्तम पाते आपल्या मुठीत बसवायचं, हे आपल्या लोकांनी मोठ्या जाणतेपणानं केलं. म्हणूनच या प्रकारात जोडाला एवढं महत्त्व आहे. जुन्या पद्धतीत मुठीच्या पोकळीत लाखेचं मिश्रण तापवून भरत आणि पात्याचा मागचा भाग त्यात बसवत. माझ्या कारागिरानं लाख भरून वर दोन रिव्हेट मारले आहेत. तपासायची रीत सोपी आहे. तलवार आडवी धरा, पात्याच्या सपाट अंगावर तळव्यानं थाप मारा आणि कान द्या. मुठीतून खुळखुळ आली तर कितीही सुंदर असो, परत पाठवा.

पट्ट्याचं नेमकं इथेच बिनसलं. दिसायला तो देखणा होता. कोपराकडे जाणारं पोलादी हस्तत्राण, त्यावर उठावाचं काम, आत मुठीची आडवी दांडी, पाते लवचीक. वाकवून सोडलं की सरळ होतं, आणि पट्ट्याला हा गुण हवाच. स्टेनलेसचे पट्टे वाकले की वाकलेलेच राहतात. पण ऑगस्टमध्ये तो कुरकुरू लागला. अस्तर उचकटून पाहिलं तर पाते आणि हस्तत्राण यांच्यात नुसता वेल्डिंगचा ठिपका होता आणि त्याच्याभोवती गंज. घामानं भिजलेलं अस्तर आत ओल धरून बसलं होतं. वेल्डिंगचा दोष गंजापुरताच नाही. त्या उष्णतेनं पात्याचं पाणी, म्हणजे पोलादाला दिलेला कडकपणा, तिथेच उतरतं आणि पुढे कधीतरी पाते त्याच जागी तुटतं. पट्ट्यात मनगट जखडलेलं असतं, वार कोपर-खांद्यातून फिरतो, म्हणजे सगळा ताण याच जोडावर येतो. असं पाते फिरवताना सुटलं तर समोरच्याचा जीव जाऊ शकतो. विक्रेत्याला फोटो पाठवले. ‘शोभेची वस्तू आहे’ एवढंच उत्तर आलं. हे मला अजिबात मान्य नाही. हातात घालायची वस्तू म्हणून विकली तर ती हातात टिकली पाहिजे.

सातपूर एमआयडीसीतल्या एका वर्कशॉपमध्ये वेल्ड घासून काढलं, पट्टीला भोकं पाडून रिव्हेट मारून घेतले. तिथल्या फिटरकाकांनी पाते न तापवता काम केलं, याचं मला फार कौतुक वाटलं. अस्तर आता सुती आहे आणि बंदांनी बांधलेलं, म्हणजे काढून उन्हात टाकता येतं. तरीही हा पट्टा मी फिरवत नाही, भिंतीवरच ठेवतो.

चिलखताबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण यात फसगत जास्त होते. बाजारात दोन प्रकार मिळतात. एकात कड्यांची टोकं नुसती एकमेकांना टेकवलेली असतात, दुसऱ्यात प्रत्येक कडी चपटी करून बारीक रिव्हेटनं बंद केलेली. खरी जुनी चिलखतं बहुतेक दुसऱ्या प्रकारची. टेकवलेल्या कड्या अंगात घालता-काढता उघडतात आणि एक उघडली की शेजारच्या सुटतात. माझं रिव्हेटचं आहे, वजन साडेनऊ किलो. आत जाड गोधडीसारखा शिवलेला अंगरखा आणि वरून घट्ट कमरपट्टा बांधला की अर्धा भार खांद्यांवरून कमरेवर येतो. मग तासभर सहज वावरता येतं. एक उणीव मात्र आहे. काखेत जोडतुकडा दिलेला नाही, त्यामुळे हात वर केला की सगळं चिलखत वर चढतं. मागवताना हे आवर्जून विचारा.

गंज काढायला एक जुना उपाय कामी आला. गोणपाटाच्या पिशवीत चाळलेली कोरडी वाळू आणि चिलखत घालायचं, तोंड बांधायचं आणि हलवत राहायचं. कड्या एकमेकींवर घासून स्वच्छ होतात. घरातली मुलं हे काम आनंदानं करतात. मग वाळू झटकून तेलाचा हलका हात. चिलखत हँगरला टांगू नका, पेटीत आडवं ठेवा.

तेलाविषयी: खोबरेल नको, ते काही दिवसांत चिकट होतं आणि धूळ धरतं. शिलाई मशीनचं तेल पातळ लावा. बोटांचे ठसे आधी पुसून घ्या, कारण घामातल्या क्षारानं ठशाच्या आकाराचाच गंज उमटतो. जुलै-ऑगस्टमध्ये इथली हवा पोलादाला फार वाईट. धोप म्यानात ठेवायची नाही. लाकूड, चामडं आणि मखमल तिन्ही ओल शोषतात. बाहेरच्या भिंतीवरही टांगायची नाही. खंडेनवमीला आईनं ओलं गंध लावायला घेतलं तेव्हा मी म्यान आणि मुठीच्या टोकाचा पितळी मोगरा (बोंड) पुढे केला. पात्यावर फक्त फूल वाहिलं आणि संध्याकाळी उचललं. हळद-कुंकवाचं पाणी पोलादावर रात्रभर राहिलं तर डाग पडतात. पितळेच्या चकाकीसाठी मात्र जुन्या नाशकात तांबट लेनसारखी दुसरी जागा नाही.

कायद्याचं स्पष्ट सांगतो. शस्त्र नियम २०१६ मध्ये नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची तलवारीसारखी हत्यारं शस्त्रांतच धरली आहेत. मागवण्याआधी आपल्या पोलीस ठाण्यात विचारून घ्या, बोथट असल्याचा उल्लेख असलेली पावती जपा, आणि मिरवणुकीत नेऊ नका. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली बंदी आदेश लागू असताना शस्त्र घेऊन फिरणं गुन्हा आहे. वाढदिवसाचे केक तलवारीनं कापणाऱ्यांमुळे आमच्यासारख्या संग्राहकांकडेही संशयानं बघितलं जातं, याचं मनापासून वाईट वाटतं. साल्हेर आणि रामशेज हे किल्ले आपल्याच जिल्ह्यात आहेत. १६७२ साली साल्हेरच्या पायथ्याशी मोकळ्या मैदानात मोगलांना हरवणाऱ्यांच्या हातात अशी हत्यारं होती. त्यांची आठवण म्हणून हा संग्रह आहे.

किमतीचं म्हणाल तर धोपेचे साडेनऊ हजार पूर्ण वसूल झाले. चिलखताला अठरा हजार लागले, तेही योग्य वाटतात. पट्टा या रूपात कुणालाही सुचवणार नाही.

आता ढाल घ्यायची आहे. ढालीवर पुढून जी चार फुलं दिसतात, त्यांच्याच खिळ्यांवर मागच्या कड्या आणि धरायचे बंद तोललेले असतात. म्हणून विक्रेत्यांकडे मी पाठीमागचा फोटो मागतोय. आतापर्यंत आलेल्या फोटोंत कड्या बारीक स्क्रूंवर बसवलेल्या आणि फुलं वरून चिकटवलेली दिसली. उदयपूरकडच्या एका कारागिरानं खिळे आरपार ठोकून देतो म्हटलंय. त्याचा नमुना आला की इथेच लिहीन.