पदव्युत्तर शाखा निवडण्याआधी: स्थापत्य अभियांत्रिकीच्या एका ऑनलाइन अभ्यासक्रमाचे परीक्षण

स्थापत्य अभियांत्रिकीची पदवी हाती येण्याच्या सुमारास संरचना घ्यावी, मृदा यांत्रिकी घ्यावी, की वाहतूक, जलसंपदा, पर्यावरण किंवा बांधकाम व्यवस्थापनाकडे वळावे, हा प्रश्न बहुतेकांना सतावतो. त्यासाठीच तयार केलेला एक ऑनलाइन अभ्यासक्रम मी नुकताच पूर्ण केला. त्यातील सर्व भाग सारख्या तयारीने केलेले नाहीत, तरीही पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज भरण्याआधी तो केला याचे मला मनापासून समाधान आहे.

संरचनेचा भाग 1981 साली अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या हयात रिजन्सी हॉटेलात टांगते पादचारी मार्ग कोसळून झालेल्या दुर्घटनेपासून सुरू होतो. मूळ आराखड्यात एकाखाली एक असलेले दोन टांगते मार्ग त्याच अखंड सळयांवर पेललेले होते. बांधताना मात्र प्रत्येक सळईऐवजी दोन वेगळ्या सळया वापरल्या गेल्या, खालचा मार्ग वरच्या मार्गाच्या तुळयांना टांगला गेला, आणि वरच्या तुळईखालच्या नटावर एकाऐवजी दोन मार्गांचा भार आला. त्या दुर्घटनेत 114 माणसे दगावली. दोन्ही ड्रॉइंग समोर ठेवून त्या एका नटावरील बले विद्यार्थ्याला स्वतः काढायला लावली आहेत. किरकोळ वाटणारा बदल मंजूर करणे म्हणजे काय, हे मला चार वर्षांच्या पाठ्यक्रमापेक्षा त्या एका आकृतीने अधिक शिकवले.

मृदा यांत्रिकीचा भाग सर्वांत सरस आहे. मृदा यांत्रिकीचा पाया घालणारे अभियंते कार्ल टर्झागी यांचे परिणामी ताणाचे तत्त्व, म्हणजे एकूण ताणातून मातीतील पाण्याचा दाब वजा केल्यावर जे उरते तेच मातीचे कण पेलतात, हे आधी नीट समजावले आहे, आणि मग पिसाच्या मनोऱ्याकडे नेले आहे. उंच राहिलेल्या उत्तर बाजूखालची माती थोडीथोडी काढून त्याचा कल कमी केला गेला, हे मला ठाऊक नव्हते. माती तपासण्यासाठी जमिनीत घेतलेल्या मोजक्या बोअरच्या (छिद्रांच्या) नोंदींवरून अख्ख्या जमिनीविषयी निर्णय घेण्याची ज्याची तयारी नाही, त्याने या शाखेत येऊ नये, असे शिक्षक स्पष्ट सांगतात. इतका प्रामाणिक सल्ला क्वचितच मिळतो.

बांधकाम व्यवस्थापनात वेळापत्रकाच्या तक्त्यांचा अतिरेक आहे. मात्र ताजे कॉंक्रीट किती पातळ आहे हे दाखवणाऱ्या स्लम्प चाचणीचे चित्रीकरण आवर्जून पाहावे. 300 मिलिमीटर उंचीच्या शंकूत तीन थरांत कॉंक्रीट भरून प्रत्येक थराला सळईचे 25 ठोके दिले जातात. पुढे त्याच मिश्रणात जास्तीचे पाणी ओतून शंकू उचलल्यावर ढीग कसा पसरतो ते दिसते. ओतायला सोपे जावे म्हणून साइटवर पाणी वाढवले जाते आणि त्याची किंमत मजबुतीत मोजावी लागते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

जलसंपदा आणि पर्यावरण यांना मिळून एकच व्याख्यान देणे मात्र अन्यायाचे वाटते. सांडपाणी शुद्धीकरण एका आकृतीत उरकले आहे, पुराच्या अंदाजाचा उल्लेखही नाही. वाहतुकीचा भागही त्रोटकच आहे. या शाखांकडे ओढा असलेल्यांनी दुसरा मार्ग शोधावा.

अभ्यासक्रम शेवटच्या वर्षापर्यंत लांबवू नये, तिसऱ्या वर्षीच करावा. तेव्हा ऐच्छिक विषय निवडायचे बाकी असतात, आणि सुट्टीत एखाद्या माती परीक्षण प्रयोगशाळेत किंवा साइटवर महिनाभर काम करून आपली आवड पारखून पाहता येते.