विंडवेन की टिलर पायलट? नाशिकला राहून मुंबईत बोट ठेवणाऱ्यासाठी

नाशिकला राहायचं, बोट मुंबईच्या बंदरात मुरिंगवर (तळाशी अडकवलेल्या बोयाला बांधून) ठेवायची आणि जोडून सुट्ट्या आल्या की कसारा घाट उतरायचा, असा बेत करणारे हल्ली भेटतात. धरणाच्या पाण्यावर लहान होडीत शीड हाताळायला शिकलेल्या माणसाला पुढे तीस-बत्तीस फुटी, लांब कीलची (तळाखालचा उभा पंखा), टिलरवर (सुकाणूच्या दांड्यावर) चालणारी जुनी बोट खुणावतेच. सौदा ठरत आला की प्रश्न पडतो: सोबतीला एकच माणूस, तोही कधीतरी झोपणार, मग सुकाणू धरायचं कुणी?

माझं मत आधीच सांगतो. कोकण किनाऱ्यापुरतं फिरायचं असेल तर टिलर पायलट, म्हणजे टिलर ढकलणारं-ओढणारं विजेवरचं यंत्र, घ्या. लक्षद्वीप किंवा ओमानचं मनात असेल तर विंडवेन, म्हणजे वाऱ्याच्या जोरावर सुकाणू धरणारं यंत्र, आणि जोडीला एक साधा टिलर पायलटही. पण दोन्हींच्या आधी बोट तोलात आहे का, म्हणजे टिलर फार न ओढता सरळ जाते का, ते बघा. तोल नसलेल्या बोटीवर कुठलंच यंत्र फार दिवस टिकत नाही.

जुन्या लांब कीलच्या बोटी सरळ जायला राजी, वळायला नाराज. बंदरात रिव्हर्स घेताना रडवतात, पण खुल्या समुद्रात हाच हट्ट कामी येतो. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची 32 फुटी 'सुहेली' मुंबईतच सागवानात बांधलेली. 1968-69 मध्ये तिच्यावरून त्यांनी एकट्याने, कुठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारे ते पहिले. तिचं सेल्फ-स्टिअरिंग (आपोआप सुकाणू धरणारं यंत्र) ऑस्ट्रेलियाच्या आसपास मोडीत निघालं. तिथून इंग्लंडपर्यंतचा रस्ता त्यांनी शिडं तोलून आणि टिलर बांधून काढला.

म्हणून पैसे देण्याआधी चाचणीच्या फेरीत दुपारचा वारा बाजूने घ्या आणि टिलर दोन बोटांत धरून बघा. नाळ (बोटीचं पुढचं टोक) किंचित वाऱ्याकडे ओढ घेत असेल तर उत्तम, तेवढी हवीच. पण टिलर दोन्ही हातांनी ओढून धरावा लागत असेल तर मेनसेलला (मुख्य शिडाला) रीफ घ्या, म्हणजे ते थोडं गुंडाळून लहान करा. जिबला (पुढच्या शिडाला) आत्ता हात लावू नका. तरीही ओढ कमी होत नसेल तर मेनसेलचं कापड जुनं होऊन त्याला पोट सुटलेलं असतं, नाहीतर डोलकाठी जास्त मागे कललेली असते. हा खर्च यंत्राच्या आधीचा, सौद्यात तो धरून बोला.

यंत्राऐवजी जवळजवळ फुकटचा एक उपायही आहे. जिबच्या शीटला (शीड आवळणाऱ्या दोरीला) दुसरी दोरी जोडून ती पुलीवरून टिलरच्या वाऱ्याकडच्या बाजूला आणायची आणि उलट बाजूला लवचिक रबरी नळी ताणून बांधायची. नाळ वाऱ्याकडे गेली की शीट ताणते, टिलर वाऱ्याकडे खेचला जातो आणि नाळ परत खाली येते. दोरी कुठे बांधायची, रबर किती ताणायचं, यात एखादा दिवस सहज जातो. मागून वारा असला की मात्र हे जमवणं कठीण.

विंडवेनचं काम बघत बसावं असं असतं. वर प्लायवूडचं हलकं पातं, खाली पाण्यात वल्हं. बोट ठरलेल्या कोनातून ढळली की वारा पात्याला आडवं पाडतो आणि ते वल्ह्याला जरासं पिळतं. कालव्याच्या वाहत्या पाण्यात फळी धारेला समांतर धरली तर हाताला काही जाणवत नाही, तीच थोडी तिरकी केली की हिसडा मारून बाजूला जाते. वल्हंही तसंच बाजूला फेकलं जातं आणि त्याच्या दोऱ्या टिलर ओढतात. बोटीचा वेग वाढेल तशी ताकद वाढते; विजेचा एक थेंबही लागत नाही. दुसऱ्या प्रकारात वेनला स्वतःचं वेगळं सुकाणू असतं, मुख्य सुकाणू बांधून ठेवायचं. मुख्य सुकाणू तुटलं तर हे अडीअडचणीला उपयोगी पडतं. बोट केच (दोन डोलकाठ्यांची) असेल तर मागच्या डोलकाठीचं बूम (शिडाखालचा आडवा दांडा) पात्याला लागतं का, ते आधी टेप लावून मोजा.

तरी वेन म्हणजे अमरपट्टा नव्हे. 2022 च्या गोल्डन ग्लोब रेसमध्ये (एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याच्या शर्यतीत) विजेवरच्या पायलटला बंदी होती, त्यामुळे सगळी भिस्त वेनवर. दुसरे आलेले अभिलाष टॉमी यांना वाटेत ते पुन्हा पुन्हा दुरुस्त करावं लागलं. पण समुद्रात, हाताशी असलेल्या सामानातून ते दुरुस्त करता आलं, हे महत्त्वाचं. टिलर पायलटच्या सर्किटमध्ये खारं पाणी शिरलं की विषय संपला.

टिलर पायलट सरासरी 2 अँपिअर ओढतो असं धरलं तर दिवसाला 48 अँपिअर-अवर झाले. 100 ची लेड-ॲसिड बॅटरी निम्मीच वापरावी, म्हणजे एका दिवसात ती संपली. सोलर पॅनेल लागणारच. शिवाय तो होकायंत्राकडे बघून चालतो. वारा फिरला तरी नाळ तिथेच धरतो आणि मागून वारा असताना बूम धाडकन पलीकडे जाऊ शकतं. बूमला प्रिव्हेंटर (ते पलीकडे जाऊ न देणारी दोरी) बांधल्याशिवाय त्याच्या भरवशावर राहू नका.

मग किनाऱ्यासाठी मी तोच का सुचवतो? आपल्या वाऱ्यामुळे. ऑक्टोबर ते मे हाच आपला हंगाम. सकाळी मंद मतलई वारा, दुपारी वायव्येचा खारा वारा, रात्री बऱ्याचदा पडलेली हवा. मुंबईहून गोव्याकडे उतरताना वारा बहुतेक पाठीवर, म्हणजे बोटीला जाणवणारा वारा आणखी कमी. विंडवेन नेमकं इथेच लुळं पडतं, आणि इंजिन चालू केलं की त्याचा उपयोग जवळपास संपतो. टिलर पायलट अशा वेळी निमूटपणे काम करतो. मच्छीमारांची जाळी आणि ट्रॉलर दोन्ही यंत्रांना दिसत नाहीत; पहारा तुम्हालाच द्यायचा आहे.

नाशिककराची अडचण वेगळीच. बोट आठवडेच्या आठवडे एकटी असते. टिलर पायलट पिशवीत घालून घरी नेता येतो. वेन मात्र बोटीच्या मागे लटकलेलं राहतं आणि मुरिंगवर येणारी-जाणारी होडी त्यालाच घासते. वल्हं आणि पातं काढून केबिनमध्ये ठेवा, पण फ्रेम बाहेरच राहणार. दुसरीकडे, आयात केलेलं वेन काही लाखांच्या घरात जातं आणि नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत स्टेनलेसचा पाइप वाकवून नीट वेल्डिंग करणारे आहेत. आराखडा हातात असेल तर फ्रेम इथेच होते; फक्त 316 ग्रेडच मागा, 304 खाऱ्या हवेत लवकर डागाळतं. बेअरिंगचं काम मात्र हौशी लेथवाल्याकडे देऊ नका. तिथे थोडं घर्षण वाढलं तरी मंद वाऱ्यात वेन हलतच नाही.

टिलर पायलट बसवताना त्याची टिलरवरची पिन सुकाणूच्या आसापासून किती अंतरावर हवी ते पुस्तिकेत बघा. बऱ्याच मॉडेलना 460 मिमी लागतात. आणि बोट पुढे लांब न्यायचा विचार असेल तर आत्ताच मागच्या भिंतीचं लाकूड टोचून बघा. वेनचे बोल्ट तिथेच येणार आहेत.