गुडघ्याचा कापडी सेन्सर-स्लीव्ह : पावसाळा काढल्यानंतरचा अनुभव

बेळगावात शहापूरला माझा फिजिओथेरपीचा दवाखाना आहे. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटनी घरी घालावा म्हणून उन्हाळ्याआधी मी हा स्लीव्ह, म्हणजे गुडघ्यावर चढवायची कापडी बाही, घेतला. आता पावसाळाही सरला, म्हणून लिहिते.

याच्या विणीत चांदीचा मुलामा दिलेलं नायलॉनचं सूत असतं. गुडघा वाकला की कापड ताणतं, टाके एकमेकांना कमी-जास्त टेकतात आणि सुताचा विद्युतरोध बदलतो. तो बदल मोजणारी चकती ब्लूटूथने मोबाईलवर आलेख काढते. वडगावच्या यंत्रमागावरच्या पेशंटना हे समजावावं लागत नाही. सुताचा ताण त्यांच्या बोटांनाच कळतो.

गुडघा नेमका किती अंश वाकतो हे मोजायला मात्र हा घेऊ नका. त्यासाठी माझा प्लास्टिकचा गोनिओमीटरच, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टीच, बरी. कापड ताणताना एक आकडा दाखवतं आणि सैल होताना त्याच कोनाला दुसरा. गुडघा वाकवून तसाच धरला तर आलेख हळूहळू सरकतो; पेशंटला वाटतं आपलाच पाय ढळला. त्याहून मोठी अडचण पुढे येते. ऑपरेशननंतर मांडी बारीक झालेली असते. व्यायामाने ती भरत गेली की तोच स्लीव्ह घट्ट बसतो आणि सगळे आकडे बदलतात. त्यामुळे पहिल्या आठवड्याचा आलेख तिसऱ्या महिन्याच्या शेजारी ठेवून प्रगती मोजणं चुकीचं आहे. दरवेळी घातल्यावर पाय सरळ करून आणि नव्वद अंशांत वाकवून तो नव्याने जुळवावाच लागतो.

तरीही मी तो सोडणार नाही, कारण दोन भेटींच्या मधलं घर मला पहिल्यांदा दिसलं. जांबोटीकडचे एक काका पावसात वारंवार येऊ शकत नव्हते. फोनवर विचारलं की उत्तर ठरलेलं, "करतोय की मॅडम रोज." खरंच करत होते, आलेखात सकाळचा व्यायाम स्वच्छ दिसत होता. पण उरलेला दिवसभर गुडघा अर्धवट वाकलेलाच. खुर्चीत बसून राहायचे आणि पाय पूर्ण सरळ कधी होतच नव्हता. वाकणं वाढलं की सगळे खूश होतात, पण गुडघा पूर्ण सरळ झाला नाही तर चालताना लंगडणं राहतं. टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पाय सैल सोडायला सांगितलं आणि दिवसाचा आलेख बदलला. एवढ्यासाठी नेमके अंश लागत नाहीत.

पट्ट्याने बांधायचे जायरोस्कोपवाले, म्हणजे पाय किती वेगाने वळतो ते टिपणारे, सेन्सर कोनाला जास्त खरे असतात. पण त्यांतले दिशेसाठी चुंबकीय सेन्सर वापरणारे लोखंडाजवळ बिघडतात, आणि मागाच्या शेडमध्ये लोखंडाशिवाय आहे काय? तिथे कापडी स्लीव्हने चांगलं काम केलं.

पावसाळ्याने मात्र छळलं. घामात मीठ असतं, मिठाच्या पाण्यातून वीज वाहते, त्यामुळे ओला स्लीव्ह भलतंच दाखवतो. चकती काढून थंड पाण्यात हाताने धुवायचा, ब्लीच किंवा सॉफ्टनर वापरायचा नाही, पिळायचा नाही, सावलीत वाळवायचा. खानापूरच्या पावसात तो वाळायचं नाव घेत नाही. धुऊन धुऊन चांदी झिजतेच. पहिल्या महिन्यातला स्वच्छ आलेख आता थोडा खरखरीत झालाय.

आमच्याकडे मांडी घालून जेवायचं असतं, उकिडवं बसायचं असतं. एवढा गुडघा वाकला की याचा आलेख वर जाऊन सपाट होतो, पुढचं काहीच कळत नाही. आमच्या पेशंटचा पहिला प्रश्न तर तोच असतो, खाली बसता येईल का? आणि ॲप फक्त इंग्रजीत आहे. माझ्याकडे मराठी आणि कन्नड बोलणारे पेशंट येतात, त्यांना आलेखाचे रंग शिकवूनच घरी पाठवते.

घेणार असाल तर मांडीचा घेर आज मोजून तेवढाच साइज मागवू नका. मांडी भरणार आहे हे धरून दोन साइज दवाखान्यात ठेवा, आणि एकाची चकती दुसऱ्या स्लीव्हवर बसते का, हे विकणाऱ्याला आधी विचारा.