कार्डांचं टेबल: दोन दिवस, १५०० रुपये भाडं

मे महिन्यात रत्नागिरीत जुन्या वस्तू जमवणाऱ्यांचं दोन दिवसांचं प्रदर्शन भरलं होतं. नाणी, नोटा, पोस्टाची तिकिटं, काडेपेट्यांचे छाप, आणि एका कोपऱ्यात आम्ही नवरा-बायको क्रिकेटची कार्डं घेऊन. अशा ठिकाणी आजवर मी गिऱ्हाईक म्हणून हिंडलोय, विकायला बसायची ही पहिली खेप. कुणाच्या मनात कार्डं घेऊन टेबल लावायचं असेल तर पैसे भरण्याआधी हे वाचा.

फोनवर सांगितलं होतं की टेबल सहा फुटी, दोन खुर्च्या, डोक्यावर पंखा, रात्री हॉलला कुलूप. टेबल निघालं चार फुटी, तेही एका पायानं लंगडं. पंखा मात्र खरोखरच डोक्यावर होता, आणि तोच नडला. नाणीवाल्याला पंख्याचं काही वाटत नाही, चांदीचा रुपया काय उडतोय! आमच्याकडे पंखा लावला की गावसकर उडायचे, बंद केला की माझ्या कपाळाचा घाम त्यांच्यावर टपकायचा. शेवटी बायको बाजारात जाऊन फ्रेमवाल्याकडून दोन काचा घेऊन आली. ३०० रुपये गेले, पण माल टेबलावर राहिला. दुपारी तीननंतर पश्चिमेच्या खिडकीतून थेट ऊन यायला लागलं. जुन्या छपाईचे रंग उन्हानं विटतात हे आयोजकांना सांगून पाहिलं. जागा काही बदलून मिळाली नाही, मग चादर बांधली.

रात्रीच्या कुलपाबद्दल एवढंच सांगतो की दाराला कुलूप होतं आणि मागच्या खिडकीला गज नव्हते. आम्ही ट्रंक उचलून मावशीकडे नेली.

आता विक्री. माझ्या डोक्यात होतं की खरा माल म्हणजे विलायती सिगारेट कार्डं, सिगारेटच्या पाकिटासोबत मिळायची ती. प्लेयर्स या सिगारेट कंपनीची १९३४ ची क्रिकेटवाल्यांची मालिका, ५० कार्डांची, त्यातली माझ्याकडे १९ होती. आगपेटीहून जरा उंच, एवढीच चीज. युद्धात कागदाची टंचाई झाली आणि १९४० च्या सुमारास इंग्लंडमध्ये पाकिटात कार्ड घालणं बंद पडलं, हे सगळं मी पाठ करून गेलो होतो. ऐकायला माणसं थांबली, ब्रॅडमनला नमस्कारही करून गेली, खिशात हात मात्र फारसा कुणी घातला नाही. भवानी झाली ती बिग फनच्या कार्डांवर. बबलगमसोबत मिळायची ती, धावा आणि विकेट लिहिलेली. मुंबईहून आलेला एक चाकरमानी टेबलाजवळ आला, एक कार्ड उचललं, नाकाला लावलं आणि म्हणाला, "वास गेला ओ." आणि ३० रुपयाला एक अशी १२ घेऊन गेला. ट्रम्प कार्डांचंही तेच. कुस्तीवाल्यांची उंची, वजन, छाती चाळिशीच्या माणसांना अजून तोंडपाठ आहे. पत्ते घेतलेही आणि टेबलाशीच उभं राहून एक डावही खेळले.

सगळ्यात जास्त विचारणा कुणाची झाली असेल? सचिनची नाही, वेंगसरकरांची. माणूस राजापूरला जन्मलेला, लॉर्ड्सवर १९७९, १९८२ आणि १९८६ अशी तीन शतकं ठोकलेला, आणि मी गाढव एकच कार्ड घेऊन गेलो होतो, तेही कोपरा दुमडलेलं. पहिल्या तासात गेलं. त्यानंतर दोन दिवस "संपलं हो" हेच म्हणत होतो. रत्नागिरी जिल्ह्यात टेबल लावणार असाल तर आधी ही सोय करा.

शेजारी कोल्हापूरचे एक नोटावाले काका होते. त्यांच्याकडे नोटा तपासायचा जांभळा दिवा. दुसऱ्या दिवशी दुपारी गर्दी नव्हती, म्हणून गंमत म्हणून माझी सिगारेट कार्डं त्याखाली धरली. कागद पांढराशुभ्र दिसावा म्हणून त्यात चमक आणणारी रसायनं घालायला लागले ते साधारण १९५० नंतर, त्यामुळे युद्धाआधीचा कागद या दिव्याखाली मळकट, मुका दिसतो. माझी १५ कार्डं मुकी राहिली आणि तीन निळसर पेटली. काका म्हणाले, "अवो पावणं, हे तर ट्यूबलाइटगत चमकाय लागलंय की!" म्हणजे मागाहून छापलेली नक्कल. मी ती कुणाकडून, कितीला घेतली होती ते जाऊ द्या. हिशेब १८ चाच लागत होता, कारण एकोणिसावं त्याच सकाळी कॉलेजातल्या एका पोरानं ३५० ला नेलं होतं. तो वडापावच्या गाडीवर सापडला. कार्ड आणून दिव्याखाली धरलं, तेही पेटलं. पैसे परत दिले. तो म्हणाला, "काका, राहू द्या, छान दिसतंय." मी नाही ऐकलं. मग त्यानं तेच कार्ड २० रुपयाला मागितलं. मागे पेनानं 'नक्कल' लिहून दिलं. प्रदर्शनाला माझ्याकडून एक सूचना आहे ती हीच: आत शिरल्याबरोबर असा एक दिवा सगळ्यांसाठी ठेवा. पास छापायला येतो त्याहून कमी खर्च येईल.

एक मुलगा अमेरिकेतल्या मिकी मॅन्टल या बेसबॉलवाल्याचं कार्ड आहे का विचारायला आला. टॉप्स कंपनीचं १९५२ चं ते कार्ड २०२२ मध्ये अमेरिकेत लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरला गेलं, म्हणजे आपले जवळपास १०० कोटी. त्याला सांगितलं की त्या मालिकेचे न खपलेले खोके कंपनीनंच १९६० मध्ये बोटीतून नेऊन समुद्रात टाकून दिले होते. बायको पलीकडून म्हणाली, "अहो, त्यांनी आपल्या हातानं बुडवली, आपली वाशिष्ठीनं नेली." २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठी नदीचं पाणी चढलं तेव्हा आमचं झेरॉक्सचं दुकान गेलं. ट्रंक पोटमाळ्यावर होती, तरी खालचा थर भिजला. टीपकागद घालून जी सुटी झाली ती ठेवलीयेत, प्रत्येकावर मातीची एक आडवी रेघ आहे. ती मी विकायला नेलीच नव्हती, ट्रंकेत तशीच पडली होती. चिपळूणजवळच्या खेर्डीच्या एका बाईंनी रेघ ओळखली. कुठल्या खेळाडूचं कार्ड आहे हे न बघताच, "हे कितीला?" मला दर सुचेना. बायकोनं ५० सांगितले.

हिशेब असा. दोन दिवसांत विक्री ७,४१० रुपये. भाडं, काचा, एसटी आणि जेवण जाता हातात ४,३०० च्या आसपास, मालाची खरेदी धरली नाही. त्यातले सिगारेट कार्डांचे फक्त ८००. हॉलच्या भिंती जाड, आत मोबाइलला रेंज नाही, त्यामुळे गिऱ्हाईक पैसे पाठवायला फाटकापर्यंत जाणार आणि त्यातले निम्मे तिथूनच घरी. दहा-वीसच्या सुट्या नोटा पोतंभर न्या. चहा मात्र फुकट आणि चांगला, दर दोन तासांनी टेबलावर येत होता, ते आयोजकांच्या खाती जमा धरायला हवं.

पाचपैकी तीन. पुढच्या वर्षी भिंतीकडची जागा द्या, असं त्यांना कळवलंय. "बघू" म्हणालेत. तोवर मी वेंगसरकर शोधतोय.