परदेशी अनुदान, रंगीत तक्ता आणि कलम ७ : पुण्यातील एका सल्लासेवेचा अनुभव

सांगोला तालुक्यात पाणलोट विकासाचे काम करणाऱ्या आमच्या लहानशा संस्थेचा मी गेली अकरा वर्षे खजिनदार आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात युरोपातील एका प्रतिष्ठानाने भारत आणि केनिया या दोन देशांतील कोरडवाहू शेतीसाठी संयुक्त प्रस्ताव मागवले. आमच्याकडे इतक्या मोठ्या प्रस्तावाचा अनुभव नव्हता, म्हणून आम्ही पुण्यातील एका सल्लागार कार्यालयाची तीन महिन्यांची सेवा घेतली. शुल्क ८५,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,००,३०० रुपये झाले. कार्यालयाचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेली चूक त्यांनी मान्य केली आणि दुरुस्तही करून दिली. प्रस्तावाचा निकाल अद्याप लागलेला नाही. त्यामुळे हे परीक्षण यशापयशावर नव्हे, मिळालेल्या कामावर आहे.

सेवेत प्रस्तावलेखन, अंदाजपत्रक आणि जोखीम-व्यवस्थापनाचे प्रकरण असे तीन भाग होते. लेखन उत्तम झाले, त्याबद्दल तक्रार नाही. जोखमीचे प्रकरण म्हणजे बावीस ओळींचा एक रंगीत तक्ता होता. दुष्काळ, टोळधाड, निवडणुकीची आचारसंहिता, साथीचा रोग, कर्मचारी सोडून जाणे अशा प्रत्येक बाबीला शक्यतेचे आणि तीव्रतेचे एक ते पाच गुण दिलेले होते. दाता संस्था असे तक्ते मागतात, त्यामुळे तो असायलाच हवा होता. मात्र तो दोनदा वाचल्यावर माझ्या लक्षात आले की या बावीस ओळींपैकी एकाही गोष्टीने आमची संस्था बंद पडली नसती, आणि जिच्यामुळे ती बंद पडू शकली असती ती गोष्ट तक्त्यात नव्हे, त्याच प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात बसलेली होती.

अंदाजपत्रकात संपूर्ण अनुदान आमच्या खात्यावर घेऊन त्यातून मंगळवेढा आणि जत येथील दोन सहयोगी संस्थांना व केनियातील भागीदाराला त्यांचा वाटा पाठवण्याची योजना होती. युरोपात प्रमुख भागीदाराने पैसे घेऊन इतरांना वाटणे ही रोजची रीत आहे, आणि सल्लागारांनी तोच साचा उचलला होता. परंतु संस्थांनी परदेशी देणग्या घेण्यावर नियंत्रण ठेवणाऱ्या परकीय अभिदाय (विनियमन) अधिनियम, २०१० म्हणजेच एफसीआरए या कायद्याच्या कलम ७ मध्ये सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी दुसऱ्या कोणालाही हस्तांतरित करता येत नाही. घेणारी संस्था स्वतः एफसीआरए नोंदणीकृत असली तरी चालत नाही. दुरुस्तीपूर्वी नोंदणीकृत संस्थांमध्ये असे हस्तांतरण चालत असे, आणि बहुधा जुन्या प्रस्तावांची नक्कल करताना ते तसेच राहून गेले. अशा हस्तांतरणावरून नोंदणी १८० दिवसांसाठी निलंबित होऊ शकते, ती मुदत आणखी १८० दिवसांनी वाढू शकते, आणि नोंदणी रद्दच झाली तर पुढची तीन वर्षे नव्याने अर्ज करता येत नाही. ज्या संस्थेतील सोळा जणांचे पगार या पैशांवर चालतात, तिच्यासाठी ही जोखीम टोळधाडीपेक्षा नक्कीच मोठी आहे.

आम्ही हे दाखवून दिल्यावर कार्यालयाने आठ दिवसांत अंदाजपत्रकाची फेररचना केली. दात्याने केनियातील भागीदाराशी आणि नोंदणी असलेल्या जतच्या संस्थेशी स्वतंत्र करार करावा, आणि नोंदणी नसलेल्या मंगळवेढ्याच्या संस्थेच्या गावांतील काम आमच्याच कर्मचाऱ्यांनी, आमच्याच खर्चनोंदीत करावे, अशी नवी मांडणी झाली. दात्यानेही ती विनातक्रार मान्य केली. म्हणजे हे सुरुवातीलाच विचारले असते तर महिनाभराची धावपळ वाचली असती.

दुसरा प्रश्न प्रशासकीय खर्चाचा होता. कायद्याने त्याची मर्यादा २०२० मध्ये ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. प्रशासकीय खर्चात काय धरायचे हे नियमांत दिलेले आहे. पदाधिकाऱ्यांचे मानधन, कार्यालयाचे भाडे, हिशेब ठेवण्याचा आणि अहवाल लिहिण्याचा खर्च, कायदेशीर व व्यावसायिक शुल्क हे सर्व त्यात येते. सल्लागारांनी २० टक्के दात्याच्या व्याख्येप्रमाणे मोजले होते आणि आपले पुढील दोन वर्षांचे प्रस्तावित देखरेख-शुल्क मात्र ‘कार्यक्रम खर्च’ या शीर्षाखाली घातले होते. हे जाणूनबुजून केले असे मी म्हणणार नाही. पण सल्लागाराने स्वतःचे बिल कोणत्या रकान्यात टाकले आहे, हे प्रत्येक खजिनदाराने स्वतः पाहावे.

या सेवेतील खरा मोलाचा भाग जाहिरातीत नव्हताच. त्या कार्यालयात एक तरुण महिला सीए आहेत. त्यांनी सांगोल्याला येऊन दोन दिवस आमची कपाटे उघडून पाहिली. विश्वस्त मंडळातील दोन बदलांचे चेंज रिपोर्ट धर्मादाय आयुक्त कार्यालयात दाखल झाले होते, पण मंजुरी न मिळाल्याने शेड्यूल वनच्या उताऱ्यावर, म्हणजे तिथल्या नोंदवहीतील आमच्या विश्वस्त नोंदीवर, जुनीच नावे होती, आणि एफसीआरए नोंदणी पाहणाऱ्या केंद्रीय गृह मंत्रालयाकडे पदाधिकाऱ्यांतील बदल कळवण्याचा एफसी-६ई अर्ज तर कोणी भरलाच नव्हता. परिणामी एकाच संस्थेच्या दोन सरकारी नोंदींत दोन वेगवेगळी मंडळे नांदत होती. आमच्या एफसीआरए नोंदणीची पाच वर्षांची मुदत प्रकल्पाच्या मध्यावरच संपते, हेही त्यांनीच निदर्शनास आणले आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी जायला हवा, ही तारीख प्रकल्पाच्या वेळापत्रकात लाल शाईने लिहून घेतली.

त्यांचा आणखी एक प्रश्न आम्हाला अगदी अनपेक्षित होता. अनुदानात आमचा १० टक्के स्ववाटा अपेक्षित होता आणि तो अमेरिकेत स्थायिक झालेल्या तालुक्यातील मंडळींकडून उभा करण्याचा आमचा विचार होता. त्यांपैकी भारतीय पारपत्र कोणाकडे आहे, असे त्यांनी विचारले. ज्यांनी अमेरिकेचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी, ती पुण्यातील बँकेच्या रुपयांतल्या धनादेशाने आली तरी, परकीय अभिदायच ठरते आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील मुख्य शाखेतील खात्यातच घ्यावी लागते. भारतीय नागरिक असलेल्या अनिवासी माणसाची देणगी मात्र तशी ठरत नाही. गणपतीच्या वर्गणीसारखी ही रक्कम आम्ही साध्या खात्यात जमा करणार होतो!

विनिमय दराचा विषय मात्र कार्यालयाने एका ओळीत उरकला. करार युरोत, खर्च रुपयांत आणि कालावधी तीन वर्षांचा असेल तर हे पुरेसे नाही. समजा, एक लाख युरोचे अंदाजपत्रक ९२ रुपये दराने मांडले आणि हप्ता ८८ च्या दराने आला, तर चार लाख रुपये कमी पडतात, म्हणजे दोन क्षेत्र-कार्यकर्त्यांचे वर्षभराचे मानधन गेले. आम्ही नंतर स्वतःच थोडा खालचा दर धरला आणि दर घसरल्यास कोणते काम कमी होईल हे प्रस्तावात लिहिले.

करार मध्येच रद्द झाला तर काय, यावरही त्यांचा मजकूर त्रोटक होता. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने परदेशी मदत अचानक थांबवली, तेव्हा चालू प्रकल्पांना काम बंद ठेवण्याचे आदेश गेले होते. हा अनुभव इतका ताजा असताना, सूचना मिळाल्यापासून किती दिवसांचे पगार दाता देईल हे करारात मागून घ्यावे, असे सल्लागाराने आपणहून सुचवायला हवे होते.

मोबदल्याच्या पद्धतीबद्दल एक चांगली गोष्ट नोंदवतो. त्यांनी ठरावीक शुल्क घेतले, मिळणाऱ्या अनुदानाची टक्केवारी मागितली नाही. आम्हाला आलेल्या दुसऱ्या एका दरपत्रकात पाच टक्के कमिशन होते. अमेरिकेतील ग्रँट प्रोफेशनल्स असोसिएशनच्या आचारसंहितेत अशी टक्केवारी निषिद्ध मानली आहे. शिवाय मिळणाऱ्या रकमेत ज्याचा हिस्सा आहे, तो रक्कम फुगवण्याची जोखीम आपल्याला कशाला सांगेल?

आता पुन्हा गरज पडली तर मी याच कार्यालयाकडे जाईन, पण पूर्ण सेवा घेणार नाही. कागदपत्रांची तपासणी ते स्वतंत्रपणेही करतात आणि त्याचे ३०,००० रुपये घेतात. ती प्रस्तावाची पहिली ओळ लिहिण्यापूर्वी करून घ्यावी आणि त्याच सीए बाईंनी यावे, असे कार्यादेशात लिहून घ्यावे.